पोतं भरलं, पुढं काय?

आपल्या कराडचा देशात पहिला नंबर आला होता, आठवतंय? ‘स्वच्छ सर्वेक्षण २०२०’मध्ये एक लाखाच्या आतल्या शहरांत कराड पहिलं, सासवड दुसरं आणि लोणावळा तिसरं. पुढच्या वर्षी तोच पहिला नंबर आपल्या शेजारच्या विट्यानं पटकावला. लागोपाठ दोन वर्षं हा मान सातारा-सांगलीच्या पट्ट्यात राहिला. आपण स्टेटस ठेवले, कॉलर ताठ केली.

आता एखाद्या रविवारी सकाळी गाडी काढा आणि ओगलेवाडीकडून सदाशिवगडाला जा. तळबीडवरून वसंतगडावर जा, नाहीतर जखिणवाडीवरून आगाशिवच्या लेण्यांकडं. घंटागाडी जिथून मागं वळते, त्याच्या पुढं वेगळंच राज्य सुरू होतं. चिप्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, उदबत्तीची खोकी, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा डबा. शहर स्वच्छ आहे, कारण तिथं रोज पहाटे कुणीतरी झाडतं. डोंगरावर रोज झाडणारं कुणी नाही आणि रोज वर जाणारे मात्र आपण आहोत.

तुम्ही म्हणाल, आम्ही करतो की स्वच्छता मोहीम. करता, हे खरं आहे. शिवजयंतीच्या आसपास आणि दोन ऑक्टोबरला कराडातल्या प्रत्येक कॉलेजच्या ग्रुपवर तो मेसेज फिरतो: ‘चला गडावर! येताना हातमोजे आणि पाण्याची बाटली आणणे.’ टी-शर्ट छापून येतात, बॅनर येतो. दोन तासांत वीस-पंचवीस पोती भरतात, मागं पोवाडा लावलेलं रील बनतं आणि दुपारी सगळे मिसळ खायला जातात. इथपर्यंत मला काहीही अडचण नाही. माझा प्रश्न त्या पोत्यांचा आहे. ती कुठं गेली?

बऱ्याचदा ती पायथ्याला राहतात. एका बाजूला रचून ठेवलेली, फोटोत छान दिसतात. पण पायथ्याच्या ग्रामपंचायतीकडं आपल्या पोत्यांसाठी वेगळी गाडी नसते आणि शहराची गाडी तिथं यायचं कारण नाही. रात्री कुत्री ती फाडतात, सकाळी जनावरं त्यात तोंड घालतात आणि पहिल्या वळवाच्या पावसात सगळं ओढ्यात. ओढा पुढं कुठं जातो ते कराडकरांना सांगायला नको. म्हणजे गडावरचा कचरा आपण कृष्णेच्या जवळ आणून ठेवला, एवढंच झालं.

हे कुणी मुद्दाम करत नाही. असं होतं कारण निघण्यापूर्वी एक साधा फोन झालेला नसतो. ज्यांच्या ताब्यात ती जमीन आहे, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

विषय थोडा लांबचा वाटेल, पण एका खेळाची गोष्ट सांगतो. २ मे २००० रोजी अमेरिकन सरकारनं सामान्य लोकांसाठीच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि एका दिवसात ते यंत्र कितीतरी अचूक झालं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं ओरेगॉन राज्यातल्या जंगलात एक प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले आणि लोकांना सांगितलं, शोधा. त्यातून जिओकॅशिंग नावाचा खेळ जन्मला. कुणीतरी डबा लपवायचा, बाकीच्यांनी मोबाइलवर बघत बघत शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथं परत ठेवायचा. आज जगभर लाखो डबे लपवलेले आहेत. आपल्याकडं हा खेळ तुरळकच आहे, पण त्याची अडचण तुम्हाला लगेच ओळखीची वाटेल.

अडचण अशी की खेळाडू कितीही प्रामाणिक असले तरी जंगल त्यांचं नव्हतं. जंगल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांना त्यांचा डबा म्हणजे बेवारस सामान, डब्याकडं जाणारी नवी पायवाट म्हणजे तुडवलेलं गवत आणि पुरलेली बादली म्हणजे परवानगीशिवाय केलेलं खोदकाम. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांनी सुरुवातीलाच असे डबे ठेवायला मनाई केली. आता खेळाडूंपुढं दोन रस्ते होते. चोरून ठेवत राहायचं, किंवा त्या अधिकाऱ्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं.

त्यांनी दुसरा धरला. २००२ पासून ‘कॅश इन, ट्रॅश आउट’ नावाची पद्धत सुरू झाली. डबा शोधायला जाताना पिशवी न्यायची आणि येताना वाटेतला कचरा घेऊन यायचं. मग ठरवून एकत्र जमायचे कार्यक्रम सुरू झाले. कचरा उचलायचा, वाटा दुरुस्त करायच्या, बाहेरून आलेलं माजलेलं तण उपटायचं. पुढं २००४ मध्ये अमेरिकेतल्या भूवैज्ञानिकांच्या संस्थेबरोबर त्यांनी ‘अर्थकॅश’ हा प्रकार काढला. त्यात डबाच नाही. ठरलेल्या जागी जायचं, तिथला खडक नीट बघायचा आणि त्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. मला या सगळ्या गोष्टीत हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. समोरच्याला नेमकी भीती कशाची आहे हे ओळखून त्यांनी खेळच बदलून घेतला. नुसता कचरा उचलून ते थांबले असते तर ती फक्त माफी झाली असती.

परदेशातलं उदाहरण दिलं की आपल्याकडं लगेच नाकं मुरडली जातात. ठीक आहे, घरचं घ्या. कराडात गाडगे महाराजांच्या नावाचं कॉलेज आहे, तुमच्यातले कितीतरी जण तिथंच शिकतात. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडायचे आणि कीर्तन रात्री. दिवसभर ज्याला आपली गल्ली झाडताना बघितलं, तो रात्री कर्ज, दारू, देवाच्या नावावर होणारी जनावरांची हत्या यावर कितीही कडक बोलला तरी लोक ऐकून घ्यायचे. ऐकवण्याचा हक्क त्यांनी सकाळीच कमावलेला असायचा. तासगावचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना २०००-०१ मध्ये बाबांच्याच नावानं राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. म्हणजे तिकडं बादली पुरली जात होती, साधारण त्याच काळात इकडं गावोगाव लोक झाडू घेऊन रस्त्यावर उतरत होते. ही आयडिया आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

मग गडावर आपण हे का विसरतो? मला वाटतं, गड ‘महाराजांचा’ आहे, म्हणजे आपला आहे, म्हणजे विचारायचं कुणाला, असा एक हिशेब डोक्यात असतो. भावना म्हणून बरोबर आहे. कागदावर मात्र प्रत्येक डोंगराला मालक असतो, कधीकधी तर एकाच डोंगराला तीन-चार. उतारावरची झाडी वनविभागाची. लेणी किंवा तटबंदी संरक्षित असेल तर ती केंद्राच्या किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याची. पायथा ग्रामपंचायतीचा, मंदिर ट्रस्टचं. आगाशिवला साठहून अधिक बौद्ध लेणी आहेत, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर १९५८ च्या कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. राखीव जंगलात परवानगीशिवाय घुसणं आणि आग पेटवणं हा १९२७ च्या वन कायद्यापासून गुन्हा आहे. रात्री गडावर शेकोटी करून गिटार वाजवणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

कायदा सांगून घाबरवायचा हेतू नाही. पण चांगल्या हेतूनंही नुकसान होतं. टाक्यातला गाळ काढताना फावड्याला लागलेली खापरं पुरातत्त्ववाल्यासाठी पुरावा असतात, आपल्यासाठी कचरा. ढासळलेले दगड ‘नीट’ रचून ठेवले की मूळ बांधकाम कसं होतं ते कायमचं पुसतं. वाट चुकू नये म्हणून कातळावर ऑइल पेंटनं बाण काढायचे आणि खाली ग्रुपचं नाव टाकायचं, हा तर आपला राष्ट्रीय छंद आहे. झुडपं ‘साफ’ करून मोकळी जागा केली की आपल्याला समाधान वाटतं, पण त्या झुडपांनी धरून ठेवलेली माती पुढच्या जूनमध्ये खाली येते. विचारलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं की काय उचलायचं आणि कशाला हात लावायचा नाही.

आता जरा वनरक्षकाच्या जागी उभे राहा. एका माणसाकडं एक बीट, त्यात कित्येक गावांच्या शिवाराला लागून असलेले डोंगर. फेब्रुवारी लागला की त्याची झोप उडते, कारण गवत वाळलेलं असतं आणि वणव्याचा सीझन सुरू होतो. राख पडली की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं, या समजुतीनं कुणीतरी काडी टाकतं. कधी टाकलेल्या बिडीनं पेटतं, कधी आपल्यासारख्यांच्या चुलीनं. त्यात आणि उसाच्या फडात बिबट्या दिसला की पहिला फोन त्यालाच. अशा माणसाला रविवारी सकाळी न सांगता आलेली साठ पोरं कशी दिसत असतील? पाहुण्यासारखी नक्कीच नाही. त्याला ती आणखी एक काळजी वाटतात. कुणी घसरलं, कुणाला आग्या मोहोळ लागलं, तर जाब त्याला विचारला जाणार.

त्याच माणसाला आठ दिवस आधी जाऊन विचारलं, ‘साहेब, आम्ही पंचवीसजण आहोत, तुमचं कुठलं काम अडलंय?’ तर उत्तर बहुतेक ‘प्लॅस्टिक’ असं येणारच नाही. तो म्हणेल, जाळरेषा काढायला माणसं कमी पडतात. जाळरेषा म्हणजे वणवा पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा. किंवा म्हणेल, लावलेल्या रोपांना एप्रिल-मेमध्ये पाणी घालायला कुणी मिळत नाही. या कामांचं रील होत नाही, हे मान्य. पण माझ्या मते खरी ओळख तिथंच होते. जी पोरं मे महिन्याच्या उन्हात हंडा घेऊन चढली, त्यांचं नाव तो विसरत नाही.

या ओळखीचं करायचं काय? इथं मी स्पष्टच बोलतो. स्वार्थ आहे आणि तो असायला हरकत नाही.

आपल्या डोंगरांची दारं हळूहळू बंद होतायत. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यात पावसाळी पर्यटनस्थळांवर बंदी आदेश निघाले. प्रशासनाच्या जागी कुणीही असतं तर तेच केलं असतं. समोर हजारोंची गर्दी, त्यात दारू पिऊन धिंगाणा घालणारे कोण आणि तीस वर्षं डोंगर चढणारे कोण हे कळायला मार्ग नाही. मग सगळ्यांनाच बंद. सरसकट बंदी हा अनोळखी लोकांसाठीचा उपाय असतो. ओळखीचे, नोंद असलेले, वेळेवर खाली उतरणारे ग्रुप समोर असले, तर अधिकाऱ्यापुढं निदान दुसरा पर्याय येतो: यादी द्या, जबाबदार माणसाचं नाव द्या, अमुक वाटेनं जा, चारच्या आत खाली या.

आणि बंदीचा पहिला फटका मुलींना बसतो, हे कुणी बोलत नाही. मुलगे आडवाटेनं जातातच. ‘तिथं बंदी आहे म्हणे’ एवढं वाक्य घरी पोहोचलं की मुलींची ट्रिप संपते. ज्या डोंगरावर चार ओळखीची माणसं असतात, जिथला वनरक्षक नावानं हाक मारतो, तिथं जायला घरून परवानगी मिळणं सोपं जातं. हा मुद्दा लहान वाटला तर तुमच्या वर्गातल्या मुलींना विचारा.

कासचं उदाहरण बघा. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात कास पठार आहे. आपलं कोयना अभयारण्य आणि चांदोलीही आहे. फुलांच्या सीझनमध्ये कासवर गाड्यांची रांग लागायची, लोक फुलांत लोळून फोटो काढायचे. आता तिथं दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा आहे, ऑनलाइन बुकिंग आहे, शुल्क आहे, आणि व्यवस्था वनविभागाबरोबर आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती बघते. तक्रारी आहेतच, मलाही काही नियम जाचक वाटतात. पण पठार सगळ्यांना बंद झालं नाही, कारण गावातली माणसं ते सांभाळायला पुढं उभी राहिली. सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर अभयारण्य तर माणसांनी उभं केलेलं जंगल आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते सरकारच्या मागं लागून, लोकांना सोबत घेऊन झटले नसते तर तिथं आज हरणांऐवजी उघडी टेकडी असती. कराडातून तासाभराच्या अंतरावर आहे. गेला नसाल तर जाऊन या.

आता तुमच्या मनातला प्रश्न. कर आपण भरतो, मग कचरा आपण का उचलायचा? हे सरकारचं काम फुकटात करून देणं नाही का? हा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. वर्षानुवर्षं पोरं पोती भरतात आणि त्यामुळं पायथ्याला साधी कचराकुंडी बसवायची कुणाला गरजच वाटत नाही, असं होऊ शकतं. म्हणून मोहिमेबरोबर मागणी हवी, आणि ती लेखी हवी. पोती मोजा, काय निघालं ते लिहा. बाटल्या किती, गुटख्याच्या पुड्या किती, काच किती, कुठल्या टप्प्यावर जास्त. तीन महिन्यांचे आकडे हातात असले की ग्रामपंचायतीला सांगता येतं, अमुक पायरीपाशी पिंप ठेवा, तमुक दुकानदाराला रिकामी बाटली परत घ्यायला लावा. नुसती हांजी हांजी करून मिळवलेली मर्जी साहेबांची बदली झाली की संपते. लिहिलेला आकडा फाइलमध्ये राहतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या या उत्साहात मला खुपते. २०२० मध्ये कराड पहिलं आलं ते पहाटे उठणाऱ्या सफाई कामगारांमुळं. ते हातमोजे मिळोत न मिळोत, रोज तेच काम करतात. आपण वर्षातून दोन तास करतो आणि हार आपल्या गळ्यात पडतो. हा फरक का आहे, हे आपल्या समाजात कचरा पिढ्यान्‌पिढ्या कुणी उचलला, त्यातून कळतं. म्हणून पुढच्या मोहिमेला व्यासपीठ घालणार असाल, तर नगरपरिषदेच्या मुकादमांना आणि कामगारांना बोलवा, सत्काराला नव्हे, शिकवायला. ओला-सुका कसा वेगळा करायचा, फुटकी काच पोत्यात कशी भरायची की उचलणाऱ्याचा हात कापणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला येत नाही. बाटल्या भंगारवाला घेतो, चिप्सची चकचकीत पाकिटं तो घेत नाही. ती कुठं द्यायची हेही तेच सांगतील.

तुमच्यातले बरेच एनएसएसमध्ये असतील. दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, तुम्हाला माहितीच आहे. ते तास दहा ठिकाणी शिंपडण्यापेक्षा एकच डोंगर धरा. महिन्याचा एक ठरलेला रविवार, एकच वाट, वीसेक माणसं. साठ नकोत. साठजण आले की सांभाळण्यातच वेळ जातो, आणि तुडवातुडवी होते ती वेगळीच. पावसात वर फुलं आणि निसरडं असतं, तेव्हा पायथ्याचंच काम घ्या. दिवाळीनंतर गवत वाळायला लागलं की जाळरेषेचं विचारा.

सुरुवात एका पत्रानं होते. कॉलेजच्या लेटरहेडवर, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावानं, एक प्रत ग्रामपंचायतीला. लेण्यांकडं जाणार असाल तर पुरातत्त्व खात्यालाही. तारीख, वेळ, कुठल्या वाटेनं, किती जण, त्यात मुली किती, प्रथमोपचार पेटी कुणाकडं, आणि पोती नेणारा टेम्पो कुणाचा व तो ती कुठं रिकामी करणार, हे सगळं त्यात हवं. टेम्पोची ओळ लिहिता येत नसेल तर मोहीम आठवडाभर पुढं ढकला. पत्र पोस्टानं पाठवू नका, स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या. खाली संपर्कासाठी दोघांचे नंबर टाका, कारण एकाची ऐन वेळी परीक्षा निघतेच.